पाइपच्या गॅसमधली मिथेनगळती: किती, कुठून आणि कशी थांबवायची

प्रश्न थोडक्यात असा आहे: सोसायटीत सिलिंडरच्या जागी पाइपचा गॅस आला, तो स्वच्छ इंधन म्हणून. पण नैसर्गिक वायू म्हणजे जवळपास सगळा मिथेनच, आणि जमिनीखालच्या पाइपांतून तो गळत असतो असंही वाचायला मिळतं. मग हवामानाच्या दृष्टीने हा गॅस खरोखर बरा आहे का? गळती नेमकी कुठे होते आणि ती थांबवता येते का?

आधी उत्तर देतो, मग हिशेब. नीट जळलेला मिथेन कोळशापेक्षा नक्कीच बरा. न जळता निसटलेला मिथेन मात्र फार महागात पडतो. त्यामुळे या इंधनाचा सगळा फायदा किती टक्के वायू वाटेत निसटतो यावर टिकून आहे. आणि इथेच खरी अडचण आहे. गॅस वितरणात गळतीची वर्गवारी स्फोटाच्या धोक्यावरून होते, निसटणाऱ्या वायूच्या वजनावरून होत नाही. इमारतीच्या भिंतीलगतची बारीक गळती तासाभरात बंद केली जाते, तर मोकळ्या रस्त्याकडेची मोठी गळती ‘तातडीचा धोका नाही’ असा शेरा मिळून वर्षानुवर्षं वाहत राहू शकते. माणसांचा जीव वाचवण्यासाठी ही वर्गवारी योग्यच आहे. पण हवामानाचं नुकसान बहुतेक त्या दुसऱ्या यादीत साठत जातं.

मिथेन हवेत साधारण १२ वर्षं टिकतो. नंतर त्याचं ऑक्सिडीकरण होऊन कार्बन डायऑक्साइड आणि पाणी बनतं. टिकतो कमी, पण तेवढ्या काळात उष्णता भरपूर अडवतो. हवामानबदलावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीच्या, म्हणजे आयपीसीसीच्या, सहाव्या मूल्यमापन अहवालात खनिज इंधनातल्या मिथेनसाठी दिलेले आकडे असे: १ किलो मिथेन १०० वर्षांच्या हिशेबात २९.८ किलो कार्बन डायऑक्साइडइतका, आणि २० वर्षांच्या हिशेबात ८२.५ किलोइतका. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेत मिथेनचं प्रमाण ०.७ पीपीएमच्या (दहा लाख भागांत ०.७ भाग) आसपास होतं, आज ते १.९ पीपीएमच्या पुढे गेलं आहे. आजवर झालेल्या तापमानवाढीत मिथेनचा वाटा जवळपास अर्धा अंश सेल्सिअस आहे. २० वर्षं की १०० वर्षं, यातला कोणता कालावधी धरायचा यावर वाद होतात. माझ्या मते पाइपलाइनच्या निर्णयांसाठी २० वर्षांचाच आकडा आधी बघायला हवा, कारण आज गळती थांबवली तर तिचा परिणाम याच पिढीला दिसतो. कार्बन डायऑक्साइडच्या बाबतीत अशी सोय नाही.

आता हिशेब, जो कोणीही घरी करून पाहू शकतो. १ किलो मिथेन जाळला की २.७५ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. समजा पाइपात सोडलेल्या वायूपैकी ३.२ टक्के निसटला आणि उरलेला जळला. १०० किलोतला ३.२ किलो गुणिले ८२.५, म्हणजे २६४. उरलेला ९६.८ किलो गुणिले २.७५, म्हणजे २६६. दोन्ही सारखेच. अवघ्या ३.२ टक्के गळतीत इंधनाचा हवामानावरचा भार दुप्पट होतो. १०० वर्षांचा आकडा धरला तर हीच पातळी ८.४ टक्क्यांवर जाते.

स्वयंपाकघराचा हिशेब तर आणखी अरुंद आहे. तेवढ्याच उष्णतेसाठी एलपीजी जाळल्यास दर गिगाज्यूलमागे सुमारे ६३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, नैसर्गिक वायूमध्ये सुमारे ५६ किलो. फरक फक्त ७ किलोचा. एका गिगाज्यूलला जवळपास २१ किलो वायू लागतो. त्यातला ८५ ग्रॅम निसटला की २० वर्षांच्या हिशेबात हा ७ किलोंचा फायदा संपतो. म्हणजे गळती ०.४ टक्के झाली की सिलिंडर आणि पाइप बरोबरीत आले. १०० वर्षं धरली तर ही मर्यादा १.१ टक्क्याच्या आसपास येते. एलपीजीच्या मागेही तेलविहीर आणि रिफायनरी असते, तिथेही गळती होते, ती यात धरलेली नाही. पण मर्यादा किती चिंचोळी आहे हे यावरून कळतं. सिलिंडरची ने-आण वाचते, जागा वाचते, सुरक्षितता वाढते, हे पाइपच्या गॅसचे फायदे खरे आहेत. हवामानाचा फायदा मात्र जाळं घट्ट असेल तरच मिळतो. कोळशाच्या वीजकेंद्राऐवजी गॅसचं वीजकेंद्र, या तुलनेत मर्यादा बरीच सैल आहे, ढोबळमानाने ३ ते ५ टक्के.

प्रत्यक्षात गळती किती होते? सर्वांत जास्त मोजमाप अमेरिकेत झालं आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक अभ्यासात तिथल्या तेल-वायू साखळीतली गळती एकूण उत्पादनाच्या २.३ टक्के निघाली, सरकारी आकड्यापेक्षा सुमारे ६० टक्के जास्त. यातला मोठा वाटा विहिरी आणि वायू गोळा करण्याच्या ठिकाणांचा होता. शहरातल्या वितरणवाहिन्यांचं मोजमाप २०२० साली आलं, तेव्हा त्या गळतीचा अंदाज सरकारी आकड्याच्या सुमारे पाचपट निघाला. बॉस्टन शहरात सर्व रस्त्यांवरून, म्हणजे सुमारे १,२६० किलोमीटर, मोजणीयंत्र बसवलेली गाडी फिरवली तेव्हा ३,३५६ ठिकाणी गळती सापडली.

हे बॉस्टनचे आकडे आपल्या शहरांना जसेच्या तसे लावू नयेत. तिथल्या वाहिन्या बिडाच्या आहेत, काही शंभर वर्षांहून जुन्या. त्यांचे जोड ताग आणि शिसं ठोकून केलेले. पूर्वी त्यांतून कोळशापासून बनवलेला ओलसर गॅस जायचा आणि त्या ओलाव्याने ताग फुगलेला राहायचा. नंतर कोरडा नैसर्गिक वायू आला, ताग सुकून आक्रसला आणि हजारो जोड एकाच वेळी सैल झाले. मुंबईत पाइपने नैसर्गिक वायू मिळू लागला तो १९९० च्या दशकात, पुण्यात त्याहून उशिरा. आपल्याकडचं जाळं कोटिंग केलेल्या पोलादाचं आणि पॉलिइथिलीनचं आहे. रोग वेगळे आहेत, म्हणून तपासणीही वेगळी हवी.

आपल्याकडचा मार्ग असा असतो. मोठ्या वाहिनीतून गॅस शहराच्या वेशीवरच्या सिटी गेट स्टेशनला येतो. तिथे त्याला वास मिसळतात, कारण मिथेनला स्वतःचा वास नसतो. तिथून साधारण २० ते २६ बार (१ बार म्हणजे जवळपास हवेच्या दाबाइतका) दाबाने पोलादी पाइपातून तो शहरात शिरतो. डीआरएस, म्हणजे विभागीय दाब-नियंत्रण केंद्रात दाब ४ बारवर आणतात आणि पुढे पिवळ्या किंवा नारिंगी एमडीपीई (मध्यम घनतेच्या पॉलिइथिलीनच्या) पाइपातून गल्लोगल्ली नेतात. इमारतीपाशी पुन्हा रेग्युलेटर, मग भिंतीवरून चढणारा जीआय (जस्ताचा थर दिलेला लोखंडी) पाइप, आणि शेगडीपाशी दाब उरतो २१ मिलिबार.

दाबाचा हा उतार नीट लक्षात घ्या, कारण एकाच आकाराचं भोक वेगवेगळ्या ठिकाणी फार वेगळं वागतं. १ मिलिमीटर व्यासाचं भोक घेतलं तर २१ मिलिबारला त्यातून ताशी सुमारे १०० ग्रॅम वायू जातो. ४ बारला ताशी सुमारे १.९ किलो. २६ बारला १० किलोच्या आसपास. हे मोकळ्या हवेतले आकडे आहेत, पाइप घट्ट मातीत असेल तर प्रवाह कमी होतो. तरीही ४ बारच्या वाहिनीला पडलेलं टाचणीच्या डोक्याएवढं भोक वर्षभर उघडं राहिलं, तर १६ टनांपर्यंत मिथेन जाऊ शकतो. २० वर्षांच्या हिशेबात तो सुमारे १,३०० टन कार्बन डायऑक्साइडइतका. तेवढ्या गॅसवर सव्वाशे कुटुंबांचा वर्षभराचा स्वयंपाक होतो.

आता गळतीची ठिकाणं. पहिला मान खोदाईचा. रस्ता, गटार, पाण्याची लाइन, फायबर केबल, यांपैकी कशासाठी तरी जेसीबी लागतो आणि बकेटचा दात पाइपात घुसतो. गॅसच्या पाइपावर साधारण १ मीटर माती असावी आणि पाइपाच्या वर ३० सेंटिमीटरवर इशाऱ्याची पिवळी पट्टी असावी, असा दंडक आहे. पण वरचा रस्ता दोनदा खरवडून नव्याने केला की ती खोली कमी-जास्त होते आणि नकाशा जुनाच राहतो. पाइप फुटला तर आवाज होतो, लोक पळतात, पथक येतं, तासाभरात बंद होतो. हवामानाच्या दृष्टीने त्याहून वाईट प्रकार म्हणजे पाइप नुसता खरचटणं. ठेकेदाराची माणसं माती ओढून निघून जातात आणि कोणाला कळत नाही. ओरखडा भिंतीच्या जाडीच्या एक दशांशापेक्षा खोल असेल तर तो तुकडा कापून नवा बसवायचा असतो. तसाच पुरला तर तिथूनच हळूहळू चीर वाढत जाते. २०२३ साली केंद्र सरकारने ‘कॉल बिफोर यू डिग’ हे अ‍ॅप सुरू केलं ते याचसाठी. खोदण्याआधी कळवलं तर गॅस कंपनीचा माणूस येऊन पाइपाची जागा आखून देतो. सोसायटीच्या आवारातल्या खोदाईलाही हे लागू पडतं, आणि तिथे ते सर्रास विसरलं जातं.

दुसरं ठिकाण एमडीपीईचे जोड. दोन पाइप जोडणाऱ्या इलेक्ट्रोफ्यूजन कप्लरमध्ये तारेचं वेटोळं असतं. वीज सोडली की प्लास्टिक वितळून पाइप आणि कप्लर एकजीव होतात. वरवर पाहता यात चुकायला काही नाही. पण पॉलिइथिलीनच्या पृष्ठभागावर ऊन आणि हवेने बारीक ऑक्सिडीकृत थर आलेला असतो. तो खास खरवडणीने ०.२ ते ०.४ मिलिमीटर सोलून काढावा लागतो, सबंध घेरावर, एकही पट्टा न सोडता. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं, पुसल्यावर हात लावायचा नाही, क्लॅम्पमध्ये पाइप सरळ धरायचा, आणि वितळण झाल्यावर कप्लरवर छापलेला थंड होण्याचा वेळ पूर्ण होईपर्यंत क्लॅम्प काढायचा नाही. घाईत सोलणं राहतं, किंवा करवतीच्या ब्लेडने चार ओरखडे मारून सोलल्यासारखं दाखवतात. गंमत नाही, हा जोड दाबचाचणीत पास होतो. कप्लरवरचे निर्देशक वर येतात, २४ तास दाब टिकतो, खड्डा बुजवला जातो. दोन पावसाळ्यांत माती बसते, जोडावर वाक येतो आणि चिकटल्यासारखा दिसणारा पृष्ठभाग सुटतो. म्हणून चाचणीच्या आकड्यापेक्षा सोलताना निघालेली साल बघणारा पर्यवेक्षक जास्त उपयोगी. अखंड, लांब साल निघाली पाहिजे. पावसात जोड करायचाच असेल तर वर ताडपत्री हवी आणि खड्ड्यातलं पाणी उपसलेलं हवं. ओल्या पृष्ठभागावर वाफ होते आणि जोडात पोकळ्या राहतात.

तिसरं, जमिनीतून पाइप वर येतो ती जागा. तिथे एमडीपीई संपून जीआय सुरू होतो. फरशीच्या पातळीवर पाणी साचतं, झाडांना घातलेलं, गाड्या धुतलेलं, आणि बरोबर तिथेच जस्ताचा थर जाऊन गंज लागतो. मुंबई, वसई, अलिबागसारख्या खाऱ्या हवेत हे लवकर होतं. वर गेल्यावर भिंतीतल्या क्लॅम्पच्या खाली रंग घासला जातो, एसीचं पाणी पाइपावर टपकतं, गळक्या सांडपाण्याच्या नळाची ओल येते. गळती इथे कमी दाबाची असते, पण अशा जागा हजारोंनी असतात.

चौथं, रेग्युलेटर. पोलादी वाहिनीतली काळी बारीक भुकटी फिल्टरमधून निसटून रेग्युलेटरच्या सीटवर (झडप टेकते त्या जागी) बसली की तो पूर्ण बंद होत नाही. रात्री वापर थांबला की पुढचा दाब हळूहळू चढतो आणि सुरक्षेसाठी ठेवलेला रिलीफ वॉल्व थोडा थोडा गॅस हवेत सोडत राहतो. यंत्रणा ‘नीट’ काम करत असते, कुठेही बिघाडाची नोंद होत नाही. डीआरएसच्या आसपास पहाटे वास येतो आणि दिवसा येत नाही, तर आधी हेच तपासावं.

पोलादी वाहिनीवर मुख्य शत्रू गंज. त्यासाठी पाइपाला विद्युत संरक्षण दिलेलं असतं. तांबं-मोरचूद इलेक्ट्रोडच्या तुलनेत पाइपाचा विभव (विद्युत दाब) उणे ०.८५ व्होल्ट किंवा त्याहून ऋण ठेवतात, फार ऋण होऊ देत नाहीत, नाहीतर कोटिंग सुटतं. आतून गंजण्याचा धोका ओलसर वायूचा असतो. आंध्र प्रदेशातल्या नगरम गावात २७ जून २०१४ रोजी झालेल्या भीषण दुर्घटनेत पाइपाची अशीच आतून झालेली झीज कारणीभूत होती. कोरड्या वायूसाठी बांधलेल्या वाहिनीतून पाणी आणि द्रव कंडेन्सेट (वायूतून सुटणारं हलकं तेल) मिसळलेला वायू जात होता.

लांब पल्ल्याच्या वाहिन्यांवर पाइपाच्या भिंतीतून गळती तुलनेने कमी. वायू जातो तो कॉम्प्रेसर केंद्रांतून. पिस्टन कॉम्प्रेसरच्या दांड्याभोवतीचं पॅकिंग झिजतं आणि गळती सरळ व्हेंटवाटे, म्हणजे हवेत उघडणाऱ्या नळीतून, बाहेर जाते. अमेरिकी नियमांत हे पॅकिंग २६,००० तास चालल्यावर किंवा ३६ महिन्यांनी बदलायची अट घालण्यात आली, ती त्यामुळेच. चक्राकार फिरणाऱ्या (सेंट्रिफ्युगल) कॉम्प्रेसरला तेलाचे सील असतील तर ते बदलून कोरडे सील बसवावेत. शिवाय दुरुस्तीसाठी वाहिनी रिकामी करताना मुद्दाम सोडला जाणारा वायू असतोच. १८ इंची पाइपाचा १० किलोमीटरचा टप्पा ६० बारवरून पूर्ण रिकामा केला तर सुमारे ६५ टन मिथेन हवेत जातो. तोच टप्पा आधी वरच्या बाजूने बंद करून खालच्या ग्राहकांना दाब उतरेपर्यंत वापरू दिला, मग गाडीवरून आणलेला कॉम्प्रेसर लावून उरलेला वायू शेजारच्या टप्प्यात ढकलला, तर पाच-सहा टक्क्यांपर्यंत नुकसान खाली आणता येतं. ते जमत नसेल तर निदान जाळावा. जाळलेला किलो २.७५ चा, सोडलेला ८२.५ चा, म्हणजे तीसपट फरक. व्हेंट उघडणं हे एका माणसाचं काम, कॉम्प्रेसर आणणं हे आठवड्याच्या नियोजनाचं. म्हणूनच वेळापत्रकात वायू वाचवण्याचा दिवस आधीपासून धरलेला असावा लागतो.

सप्टेंबर २०२२ मध्ये बाल्टिक समुद्रात रशियाहून जर्मनीला जाणाऱ्या नॉर्ड स्ट्रीम वाहिन्या स्फोटांत फुटल्या तेव्हा सुमारे ४ लाख ६५ हजार टन मिथेन निसटला. एका घटनेतली ही आजवरची सर्वांत मोठी गळती समजली जाते. तरीही ती माणसांमुळे वर्षभरात निघणाऱ्या मिथेनच्या ०.१ टक्क्याहून थोडीच जास्त होती. बातमी होते ती स्फोटाची, तापमान वाढतं ते रोज निसटणाऱ्या वायूने.

शोधायची कशी? उपग्रह मोठेच झोत पाहतात. युरोपच्या सेंटिनेल-५पी वरचं ट्रोपोमी उपकरण ताशी काही टनांच्या पुढचे झोत टिपतं. जीएचजीसॅटचे उपग्रह ताशी १०० किलोच्या आसपासचे. गल्लीतली ताशी २ किलोची गळती कुठल्याही उपग्रहाला दिसत नाही, तिच्यासाठी गाडी किंवा पाय हवेत. लेसरवर चालणारा मिथेनमापक हातात घेऊन वाहिनीवरून चालायचं, भिंतीवरच्या रायझरवर (उभ्या पाइपावर) खालूनच लेसर मारायचा, संशयित जागी जमिनीला सळईने भोकं पाडून प्रत्येक भोकातलं प्रमाण मोजायचं. सगळ्यात जास्त प्रमाण जिथे, तिथे खोदायचं. हे पुस्तकातलं. प्रत्यक्षात पुण्या-मुंबईच्या काँक्रीट रस्त्यांखाली वायू सरळ वर येतच नाही. तो पाइपाभोवतीच्या भुसभुशीत भरावातून, केबलच्या नळ्यांतून, पावसाळी गटारांतून आडवा पळतो आणि २०-३० मीटरवर पेव्हर ब्लॉकच्या फटीत किंवा मॅनहोलात निघतो. पावसाळ्यात माती पाण्याने भरली की हे आणखी वाढतं. म्हणून तपासणी रस्त्याच्या मध्यावरून नव्हे, कडेच्या फटी, झाकणं आणि झाडांच्या आळ्यांवरून करावी. एखाद्या पट्ट्यात गवत विनाकारण पिवळं पडलं असेल तर तीही खूण आहे. वायू मातीतला ऑक्सिजन हटवतो आणि मुळं गुदमरतात.

मॅनहोलात मिथेन सापडला की घोळ होतो, कारण सांडपाणी कुजूनही मिथेन होतो. फरक इथेनने कळतो. पाइपातल्या वायूत थोडा इथेन असतो, गटारातल्या किंवा दलदलीतल्या मिथेनमध्ये जवळपास नसतो. दोन्ही वायू मोजणारं यंत्र असेल तर खोदण्याआधीच निवाडा होतो. नाकावर मात्र भिस्त ठेवू नये. वास इतका असावा लागतो की हवेत १ टक्का वायू झाला की तो यावा, म्हणजे स्फोटाच्या खालच्या मर्यादेच्या, ५ टक्क्यांच्या, एक पंचमांशावर. पण कोरड्या मातीतून झिरपताना वासाचं द्रव्य मातीलाच चिकटून राहतं आणि बाहेर बिनवासाचा मिथेन येतो.

आता सुरुवातीचा वर्गवारीचा मुद्दा. अमेरिकेत पहिल्या दर्जाची गळती ताबडतोब, दुसऱ्या दर्जाची ठरावीक मुदतीत, आणि तिसऱ्या दर्जाची फक्त नजरेखाली, अशी पद्धत रूढ आहे. बॉस्टन परिसरात १०० गळत्यांचं प्रत्यक्ष वजन मोजलं तेव्हा त्यांतल्या अवघ्या ७ टक्के गळत्यांतून निम्मा वायू जात होता, आणि मोठी गळती वरच्या दर्जातच असेल असं काही नव्हतं. त्यावरून मॅसॅच्युसेट्स राज्याने एक सोपा नियम केला: तिसऱ्या दर्जाच्या गळतीने व्यापलेली जमीन २,००० चौरस फूट किंवा जास्त असेल तर तिला पर्यावरणदृष्ट्या मोठी समजून दुरुस्तीची मुदत लागू करायची. महागडं यंत्र नको, सळई, मापक आणि मोजपट्टी पुरते. आपल्या शहर-वितरण कंपन्यांनीही हा नियम जवळपास तसाच उचलावा असं मला ठामपणे वाटतं. दुरुस्तीपथकं तेवढीच राहतील, पण ती आधी कुठे जातील हे बदलेल.

कंपन्यांच्या अहवालात ‘हिशेब न लागलेला वायू’ असा एक आकडा असतो, म्हणजे खरेदी आणि विक्रीतला फरक. तो कमी आहे म्हणजे गळती कमी, असं समजणं ही मोठी चूक. घरातला साधा मीटर प्रत्यक्ष घनमीटर मोजतो, तर कंपनी खरेदी करते १५ अंश आणि समुद्रसपाटीच्या दाबाच्या प्रमाण घनमीटरमध्ये. मुंबईत ३० अंशांना मीटरवरचा १ घनमीटर म्हणजे प्रमाण ०.९७ घनमीटर. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच, तिथे हवेचा दाबच कमी, म्हणून तो ०.९२ च्या आसपास उतरतो. हा गुणक लावला नाही, तर कागदावर विक्री तेवढ्या टक्क्यांनी फुगते आणि १ टक्का खरी गळती तिच्यात सहज लपते. उलट मोठ्या मीटरची चूक किंवा चोरी असेल तर गळती नसतानाही तूट दिसते. वजाबाकीने गळती कळत नाही, ती मोजावीच लागते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या ओजीएमपी २.० या मिथेनच्या नोंदीसाठीच्या चौकटीत पाच पायऱ्या आहेत. सर्वांत वरच्या पायरीवर एकेका स्रोताचं मोजमाप आणि संपूर्ण ठिकाणाचं मोजमाप यांचा मेळ घालावा लागतो, कारण प्रत्यक्ष न मोजता सरासरी गुणकांवर भागवण्याचा परिणाम वर सरकारी आकड्याच्या पाचपटीच्या रूपाने दिसलाच आहे.

हेही सांगायला हवं की भारतात मिथेनचे मोठे स्रोत गुरं आणि भातशेती आहेत, आणि २०२१ च्या जागतिक मिथेन प्रतिज्ञेत भारत सामील झाला नाही त्यामागेही शेतीचं कारण होतं. पाइपलाइनचा वाटा त्यापुढे लहान. पण गाईच्या पोटातला मिथेन कमी करणं अवघड आहे, रेग्युलेटरची सीट साफ करणं अवघड नाही, आणि वाचलेला वायू विकता येतो. देशाच्या ऊर्जेत गॅसचा वाटा ६ टक्क्यांच्या आसपासून १५ टक्क्यांवर न्यायचं उद्दिष्ट आहे. म्हणजे बरेचसे पाइप अजून पुरायचे आहेत, आणि त्यांचे जोड कसे सोलले जातात हे आत्ताच ठरतं आहे.

घरापुरतं काय करता येईल? अमेरिकेतल्या घरगुती शेगड्यांच्या २०२२ च्या अभ्यासात वापरलेल्या गॅसपैकी ०.८ ते १.३ टक्के न जळता निसटतो असं आढळलं, आणि त्यातला तीन चतुर्थांशाहून अधिक शेगडी बंद असताना, जोडांतून आणि नॉबमधून. आपली शेगडी साधी असते, तरी तपासणी तीच. भांड्यांचा साबण पाण्यात दाट कालवून ब्रशने प्रत्येक जोडाला लावा: मीटरची दोन्ही तोंडं, रेग्युलेटर, वॉल्वचा दांडा, रबरी नळीची दोन्ही टोकं, नॉबच्या मागची जागा. १ मिनिट बघा, बारीक फेस हळूहळू चढतो. काडी पेटवून कधीही बघू नये. सगळं बंद करून रात्री मीटरचा आकडा लिहून ठेवणं चांगलं, पण आकडा हलला नाही म्हणजे गळती शून्य असं नाही. घरगुती ‘जी १.६’ आकाराचा मीटर ताशी १६ लिटरच्या खालच्या प्रवाहाला अचूक मोजण्याची हमी देत नाही, आणि फार बारीक प्रवाहाला तो हलतही नाही. तारेची जाळी असलेली नळी तिच्यावर छापलेल्या मुदतीत बदला आणि रात्री शेगडीमागचा वॉल्व बंद करा.

वास आलाच तर दिव्याच्या बटणाला हात लावू नका, चालू असेल ते चालू आणि बंद असेल ते बंद राहू द्या. वॉल्व बंद करून खिडक्या उघडा, विशेषतः वरचं व्हेंटिलेटर. मिथेन हवेपेक्षा हलका असल्याने तो छताकडे जमतो. एलपीजी जमिनीवर साचतो, त्या सवयीने खालचंच दार उघडून थांबू नये. फोन बाहेर जाऊन करा. वास घरात नसून फाटकाजवळ, मॅनहोलपाशी किंवा डीआरएसच्या बाजूला येत असेल तरीही तक्रार करा, तारीख आणि वेळ लिहून ठेवा, आणि दुरुस्तीला आलेल्या माणसाला विचारा की किती पीपीएम किंवा किती टक्के आलं आणि किती जागेत पसरलं होतं. नोंदवहीत हे दोन आकडे चढले की गळतीचा अग्रक्रम ठरवायला कंपनीच्या हाती स्फोटाच्या धोक्याखेरीज दुसरा निकष येतो.